उपवास, बी-१२ आणि नवऱ्याचा रिपोर्ट

गेल्या वर्षी एका सोमवारी बँकेत डबा उघडला आणि शेजारची कॅशियर म्हणाली, अगं परवाच तर खिचडी होती ना तुझ्या डब्यात. तेव्हा पहिल्यांदा मोजलं. महिन्यात चार सोमवार, चार गुरुवार, दोन एकादश्या, एक संकष्टी. अकरा दिवस. म्हणजे महिन्यातला तिसरा हिस्सा मी साबुदाणा, बटाटा आणि चहावर काढत होते, आणि त्यातले सोमवार तर खास मूल व्हावं म्हणूनच धरलेले.

लग्नाला साडेचार वर्षं, माझं वय ३२, प्रयत्न करायला लागून तेव्हा सव्वा वर्ष झालेलं. पाळी ४५ दिवसांनी, कधी ६० दिवसांनी. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी लांबवणारा अंडाशयाचा त्रास, आहे हे कॉलेजपासून माहीत होतं पण त्याचा अर्थ माझ्यासाठी हनुवटीवरचे केस आणि पिंपल्स एवढाच होता. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सोनोग्राफी बघून "वजन कमी करा" म्हटलं आणि पुढचा पेशंट बोलावला. कसं कमी करू, काय खाऊ, काही नाही. मग मी घरी येऊन अजून एक उपवास वाढवला, कारण कमी खाल्लं की वजन कमी होणार ना. किती हुशार!

आता साबुदाण्याचं गणित सांगते. १०० ग्रॅम सुका साबुदाणा म्हणजे साधारण ३५० कॅलरी आणि जवळजवळ सगळा स्टार्च, प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. त्यात बटाटा. शेंगदाण्याचा कूट असतो म्हणून थोडी लाज राखली जाते, नाहीतर ती सरळ साखरच. रक्तात साखर भसकन वाढते, ती आवरायला इन्सुलिन भसकन वाढतं. आणि पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं शरीर मुळात इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे स्वादुपिंड अजून जास्त इन्सुलिन सोडतं, ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला जाऊन सांगतं की पुरुषी हार्मोन्स बनव, तिकडे लिव्हर त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रोटीन कमी बनवतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, आणि मग फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीजाची पिशवी, वाढायला लागतं पण अर्ध्यातच थांबतं, फुटत नाही. स्त्रीबीज बाहेरच पडलं नाही तर दिवस राहणार कुठून. हे मला दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी कागदावर बाण काढून समजावलं तेव्हा डोक्यात पहिला विचार आला की मी देवाला साकडं घालत होते आणि त्याच हाताने अंडाशयाला खिचडी घालत होते.

देवाबद्दल तक्रार नाही हं. उपवास अजूनही करते, फक्त संकष्टी आणि आषाढी-कार्तिकी. त्यातही साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी, थोडी भगर. सासूबाईंना सुरुवातीला पटलं नाही. त्या म्हणाल्या, "राजगिऱ्याची भाकरी करायची तर उपवास कशाला म्हणायचं त्याला?" मी म्हटलं आई, राजगिरा उपवासाला चालतो हे तुम्हीच तर शिकवलंत. मग गप्प बसल्या, पण भाकरी थापायला त्याच आल्या कारण माझी मोडत होती.

मॅडम म्हणाल्या की वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं ओव्ह्युलेशन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणं, परत सुरू होतं. माझं ७१ किलो होतं, म्हणजे साडेतीन ते सात किलो. ऐकायला सोपं वाटतं. लोकांना वाटतं एकदम बारीक व्हावं लागतं, तसं नाहीये. उलट खूप बारीक झाल्यावर, खूप कमी खाल्ल्यावर, किंवा अंगावर चरबीच नसली की पाळी बंदच पडते, मेंदूला वाटतं दुष्काळ पडलाय आत्ता पोर नको. माझी एक मैत्रीण मॅरेथॉनच्या नादात ४४ किलोवर आलेली, तिची सात महिने पाळीच आली नाही, तिला डॉक्टरांनी खा म्हणून सांगितलं. तिला पोळीला तूप आणि मला पोळी मोजून, दोघी एकाच शहरात एकाच कारणासाठी.

मधल्या काळात मी एक ऑनलाइन डाएट पॅकेज पण घेतलं, तीन महिन्यांचे १८ हजार. त्यात अॅव्होकॅडो, किन्वा, चिया, बदामाचं दूध, आणि महिन्याचे पहिले पंधरा दिवस भोपळ्याच्या आणि जवसाच्या बिया तर नंतरचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, असं काहीतरी चक्र होतं. या बिया खायला चांगल्याच आहेत, पण अमुक दिवशी अमुक बी खाल्ली की हार्मोन जाग्यावर येतात याला पुरावा म्हणावा असं काही नाही. आणि ज्या बाईची पाळीच साठ दिवसांनी येते तिने पंधरावा दिवस कुठून मोजायचा हे मी त्या ताईंना विचारलं तर त्यांनी चंद्राप्रमाणे मोजा असं उत्तर दिलं. चंद्र! १८ हजारात. जवसाची चटणी माझ्या माहेरी साताऱ्याला रोज असते हो, कारळाची असते, तिळाची असते, त्याला कोणी कधी पॅकेज म्हटलं नाही.

खरा धक्का रक्ताच्या तपासण्यांनी दिला. व्हिटॅमिन बी-१२ आलं १२८, जे निदान २०० च्या वर हवं. व्हिटॅमिन डी ११. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, तळाला. मी शाकाहारी, अंडं खात नव्हते, दूध म्हणजे चहात घालू तेवढंच. बी-१२ झाडपाल्यात नसतंच मुळी, ते दूध, अंडी, मासे, मटण यातून येतं. गाईच्या दुधाच्या ग्लासात अंदाजे एक मायक्रोग्रॅम आणि दिवसाची गरज साधारण सव्वादोन-अडीच, मग चहातल्या दुधाने काय होणार.

आणि या विषयावर जगातलं मोठं काम आपल्या पुण्यात झालंय हे मला माहीतच नव्हतं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणातल्या आहाराचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. आणि ज्यांच्यात फोलेट (फोलिक अॅसिडवालं जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसलं. हे वाचून मी जरा वेळ बसून राहिले. कारण आपल्याकडे फोलिक अॅसिडची गोळी सगळे देतात, आणि ती हवीच, पण बी-१२ कोणी बघत नाही.

फोलिक अॅसिडचं पण एक सांगते कारण माझ्या जावेला हे पाचव्या आठवड्यानंतर कळलं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकली, टेस्ट केली, डॉक्टरांकडे गेलो, गोळी लिहून दिली, तोपर्यंत ते काम होऊन गेलेलं असतं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम ही प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून घ्यायची, निदान एक महिना आधी, तीन महिने असतील तर उत्तम. आपल्याकडे दुकानात सर्रास ५ मिलिग्रॅमची मिळते, ती डायबेटिस असलेल्यांना किंवा आधीच्या बाळाला असा दोष झालेल्यांना वगैरे देतात, तेव्हा किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. पीसीओएससाठी मला मेटफॉर्मिन (इन्सुलिनला शरीराने नीट दाद द्यावी म्हणूनची गोळी) चालू केलेलं आणि ती गोळी दीर्घकाळ घेतली की शरीरात बी-१२ कमी शोषलं जातं. म्हणजे शाकाहारी, वर मेटफॉर्मिन, वर उपवास. तिन्ही बाजूंनी बी-१२ ची वाट लावलेली. इंजेक्शनं घेतली, आता गोळी आणि रोज एक वाटी दही, आणि हो, अंडं खायला लागले. घरात नाही शिजत, बँकेच्या मागच्या गाडीवर दोन उकडलेली. सासूबाईंना माहीत आहे. मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. विषय निघत नाही.

लोहाचं कारण मात्र आमच्या स्वयंपाकघरातच सापडलं. मटकीची उसळ केली की आधी सासरे, नवरा, दीर, मग पाहुणा असला तर पाहुणा, मग सासूबाई, शेवटी मी. पातेल्यात तोपर्यंत रस्सा आणि तळाला आठ-दहा मटक्या. त्या रश्शात पोळी बुडवून मी जेवायचे आणि मला वाटायचं मी उसळ खाल्ली. आणि जेवण झालं की लगेच ओट्यापाशी उभ्या उभ्या अर्धा कप चहा, तो तर माझा हक्काचा. चहातलं टॅनिन डाळी-भाज्यांतलं लोह नीट शोषू देत नाही, त्यामुळे त्या आठ-दहा मटक्या पण जवळजवळ फुकट. आता चहा जेवणानंतर तासाभराने, उसळीवर लिंबू पिळून, आणि मुख्य म्हणजे माझी वाटी आधी भरून बाजूला झाकून ठेवते. हे वाचायला काहीच नाही वाटणार, पण पहिल्या दिवशी ती वाटी झाकून ठेवताना मला चोरी केल्यासारखं वाटलेलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका अॅनिमिक निघाल्या, आणि मला खात्री आहे की त्यातल्या कितीतरींच्या घरी पातेल्याचा तळ त्यांच्याच वाट्याला येतो.

पण खाऊन खरंच फरक पडतो का, हा माझ्या नवऱ्याचा प्रश्न. तो हिशोबी माणूस आहे. तर मुंबईत २००६ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला, झोपडपट्टीतल्या साडेसहा हजार बायकांना गरोदर राहायच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला, एका गटाला पालेभाज्या, फळं, दूध घातलेला आणि दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळांचं वजन सरसकट वाढलं नाही, ज्या आया फार हडकुळ्या नव्हत्या त्यांच्यातच फरक दिसला. पण गरोदरपणातला डायबेटिस पहिल्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्यात १२.४ टक्के. हा प्रयोग दिवस राहतात की नाही यासाठी नव्हताच हे खरं, पण आधीपासून खाल्लेल्या मेथी-चाकवताचा हिशोब पुढे कुठेतरी लागतो एवढं नवऱ्याला पटलं.

थेट दिवस राहण्याबद्दल जे सगळीकडे सांगतात ते अमेरिकेतल्या नर्सेसवरच्या अभ्यासातलं आहे, २००७ साली आलेलं, साडेसतरा हजार बायका, आठेक वर्षं. ज्या बायका ट्रान्स फॅट (वनस्पती तुपासारख्या गोठवलेल्या तेलातलं) कमी, डाळी-कडधान्यातलं प्रोटीन जास्त आणि स्किम्डपेक्षा पूर्ण सायीचं दूध घेत होत्या त्यांच्यात ओव्ह्युलेशनमुळे येणारं वंध्यत्व कमी दिसलं. आता हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास, अशा बायका व्यायाम पण करत असतील, सिगरेट ओढत नसतील, त्यामुळे अमुक खाल्लं म्हणून तमुक झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण गंमत बघा, वरण, उसळ, सायीचं दही. आपल्या आजीचं ताट. फक्त त्या ताटातला भाताचा डोंगर कमी करायचा, आणि डालडा घालून केलेली बेकरीची खारी-नानकटाई बंद. खारी सोडणं मला सगळ्यात जड गेलं, खोटं कशाला बोलू.

पपईचं विचारू नका. मी दोन वर्षं पपई खाल्ली नाही, तीळगूळ संक्रांतीला नुसता तोंडाला लावला, कारण "गरम पडतं". पिकलेली पपई खायला काही हरकत नाही, कच्च्या पपईच्या चिकात जे असतं त्याबद्दल गरोदरपणात जपून राहा म्हणतात, तेवढंच. कुणीतरी अननसाचा मधला दांडा खायला सांगितलेलं, तोही खाल्ला. जीभ सोलवटली, बाकी काही नाही.

आता नवऱ्याचा रिपोर्ट. सव्वा वर्षात माझ्या ११ तपासण्या झाल्या, सगळ्यांसाठी रजा मी टाकल्या, मॅनेजरच्या तोंडाकडे मी बघितलं, आणि नवऱ्याची एकही तपासणी नाही. कारण "त्याला काय झालंय, धडधाकट आहे". मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, यांचा सीमेन रिपोर्ट, वीर्याच्या तपासणीचा, कुठाय? आम्ही दोघं एकमेकांकडे. रिपोर्ट आला, काउंट ठीक, पण पुढे सरकणारे शुक्राणू १८ टक्के. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे खालची रेघ ३० टक्क्यांची.

तो भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये आहे, भट्टीसमोर, कधीकधी १२ तासांची शिफ्ट. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन डिग्री थंड लागतं म्हणून तर देवाने ती बाहेर ठेवलीत. त्यात तळहातावर तंबाखू-चुना, दिवसाला दोन पुड्या. जेवण म्हणजे कँटीनचा वडापाव आणि रात्री घरी येऊन भात. फळ त्याने शेवटचं सत्यनारायणाच्या प्रसादात खाल्लं असेल. तंबाखूने शुक्राणूंची संख्या, हालचाल सगळंच बिघडतं. त्याला हे ऐकवलं तर म्हणाला, "आमच्या शॉपमधले सगळे खातात, सगळ्यांना दोन-दोन पोरं आहेत." यावर काय बोलणार. मॅडम मात्र बोलल्या, "त्यांच्या बायकांना पीसीओएस नसेल. तुमच्या घरात दोन्ही बाजू अर्ध्या आहेत, तुम्हाला अर्धं सोडून चालणार नाही."

मग साहेबांनी स्वतःच मेडिकलमधून झिंकवाल्या "पुरुषशक्ती" कॅप्सूलचा डबा आणला. गोळीने भागत असेल तर तंबाखू कशाला सोडा. पण झिंक आणि फोलिक अॅसिडचा अमेरिकेत मोठा प्रयोग झालाय, २३७० जोडपी, २०२० मध्ये निकाल आला. पुरुषांना सहा महिने गोळ्या दिल्या आणि ना शुक्राणू सुधारले ना बाळं जास्त झाली, पोटं मात्र बिघडली. अक्रोडाचं बरं निघालं होतं एका छोट्या अभ्यासात, रोज ७५ ग्रॅम, १२ आठवडे, हालचाल सुधारली म्हणे, पण त्यात दिवस राहिले का हे पाहिलंच नव्हतं. आणि रोज ७५ ग्रॅम म्हणजे महिन्याला सव्वादोन किलो अक्रोड, पगार झाला की थेट ड्रायफ्रूटवाल्याच्या हातात द्यायचा. आम्ही मूठभर शेंगदाणे, दोन अक्रोड आणि एक पेरू यावर तडजोड केली. डब्यात आता सॅलड जातं आणि ते परत येत नाही, मित्र खातात की तो खातो मी विचारत नाही.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे आज तंबाखू सोडली तर रिपोर्टात दिसायला तीनेक महिने. हे त्याला सांगितल्यावर तो खरंच नरमला, कारण तीन महिने म्हणजे मुदत झाली, आणि मुदत त्याला कळते.

एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगायची आहे. आमच्या ब्रँचमधली एक जण दोन वर्षं नुसत्या आहारावर आणि काढ्यांवर राहिली. शतावरी, अळीव, डिंक, सगळं केलं, पाळी घड्याळासारखी, वजन मापात. नंतर एचएसजी, म्हणजे गर्भनळ्यांचा एक्स-रे, केली तर दोन्ही नळ्या बंद, जुन्या टीबीमुळे. नळीतला अडथळा कुठल्या उसळीने निघत नाही. वय वाढतं तशी स्त्रीबीजं कमी होतात, तीही कुठला लाडू परत आणत नाही. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहाच महिने बघायचं, मग दोघांच्या तपासण्या, आणि माझ्यासारखी पाळीच अनियमित असेल तर तेवढंही थांबायचं नाही. तिला आता ३७ वं चालू आहे. ती दोन वर्षं तिला कोण परत देणार.

माझं म्हणाल तर साडेपाच किलो उतरलं, हिमोग्लोबिन ११.९, बी-१२ चारशेच्या पुढे. मागच्या तीन पाळ्या ३८, ३५, ३६ दिवसांनी आल्या. दिवस राहिलेले नाहीत. मॅडमनी या महिन्यापासून लेट्रोझोल, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडायला मदत करणारी गोळी, सुरू केलीये आणि फॉलिकल स्टडी, म्हणजे फॉलिकल किती वाढलं ते सोनोग्राफीत बघणं, चालू आहे. परवा मम्मीचा फोन आला, डिंकाचे लाडू पाठवू का, मी म्हटलं ते बाळंतिणीला देतात, आत्ता पाठवलेस तर तुझा जावईच संपवेल.

जावयाचा दुसरा रिपोर्ट १८ तारखेला आहे. तंबाखू सोडून ८१ दिवस झालेत, मधले दोन दिवस घसरला, ते धरून. लॅब सकाळची आहे आणि यावेळी रजा त्याने टाकलीये.